सिम्युलेशनमधली सर्पिल दीर्घिका दोन-तीन फेऱ्यांत विस्कटते? या क्रमाने तपासा

गेली पाच-सहा वर्षं मी एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या मुलांचे एन-बॉडी कोड बघून देतोय, म्हणजे तेच की हजारो कण घ्यायचे, प्रत्येकाला तारा मानायचं, गुरुत्वाकर्षण लावायचं आणि दीर्घिका फिरताना बघायची. आणि दर वर्षी तीच तक्रार येते, की सर सुरुवातीला छान दिसते पण थोड्या वेळाने भुजा जातात, डिस्क फुटते, काहीतरी चुकतंय. इतक्या वेळा तेच दुरुस्त केलंय की आता मी बिघाड कसा दिसतो यावरून कुठे बघायचं ते सांगू शकतो, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते ओळखा.

भुजा दोऱ्याच्या रिळासारख्या घट्ट गुंडाळत जातात आणि शेवटी सपाट चकती उरते. किंवा, मधून एक रिंग निघते आणि पाण्यात दगड टाकल्यावर तरंग जातो तशी बाहेर सरकत जाते. किंवा डिस्कचे गोळे-गोळे होतात, दह्यासारखी फाटते. किंवा एका-दोन फेऱ्यांतच मध्ये जाडजूड बार, म्हणजे ताऱ्यांचा लांबट दांडा, तयार होतो आणि भुजा त्याच्या टोकांना लोंबतात नाहीतर नाहीशाच होतात. किंवा डिस्क हळूहळू फुगत जाते, बाजूने बघितलं तर भाकरीची इडली झालेली असते. किंवा एखाद-दोन तारे बंदुकीच्या गोळीसारखे बाहेर फेकले जातात. आणि एक जरा विचित्र, अर्धी दीर्घिका एका बाजूला फिरते आणि अर्धी उलटी.

काय होतंय याच्याइतकंच कधी होतंय हेही बघा. हे कुणी बघत नाही, सगळे शेवटचं चित्र पाठवतात, पण पहिल्या एका फेरीतली वीस चित्रं शेवटच्या चित्रापेक्षा जास्त सांगतात. पहिल्या दहा-वीस स्टेप्समध्येच उडालं तर एककं किंवा टाइम स्टेप, म्हणजे कोड एका वेळी जेवढा काळ पुढे उडी मारतो तो. अर्ध्या फेरीत बिघडलं तर सुरुवातीचे वेग. दोन-तीन फेऱ्यांनी बिघडलं तर डिस्क फार थंड आहे (ताऱ्यांचे इकडेतिकडचे वेग कमी आहेत) किंवा हेलो, म्हणजे दीर्घिकेभोवतीचा डार्क मॅटरचा गोळा, हलका आहे. आणि दहा फेऱ्यांनंतर भुजा पुसट झाल्या तर कदाचित बिघाडच नाहीये, त्यावर खाली लिहिलंय.

१. कागद आणि कॅल्क्युलेटर

पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात, आणि माझ्याकडे आलेल्या कोडपैकी बऱ्याच कोडचं दुखणं इथेच सापडलंय. अंतर किलोपार्सेकमध्ये (दीर्घिकांमधली अंतरं मोजायचं एकक), वेग किलोमीटर प्रति सेकंद, वस्तुमान सूर्याच्या पटीत असेल तर जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, ०.०००००४३ येतो. वस्तुमान १० अब्ज सूर्य या एककात घेतलं, जसं गॅजेट या तयार सिम्युलेशन कोडमध्ये नेहमी घेतात, तर तोच जी ४३,००७ होतो. आता ८ किलोपार्सेकच्या आत १०० अब्ज सूर्य ठेवा आणि वर्तुळाकार वेग काढा, साधारण २३२ किमी प्रति सेकंद यायला पाहिजे. आपल्या आकाशगंगेत सूर्याजवळ साधारण एवढाच वेग आहे, त्यामुळे ही बेरीज लक्षात ठेवायला सोपी जाते.

मुलं फसतात ती वेळेत. या एककांमध्ये वेळेचं एकक आपोआप ठरतं, किलोपार्सेक भागिले किमी प्रति सेकंद म्हणजे ९७.८ कोटी वर्षं. तुम्ही कोडमध्ये स्टेप १ लिहिली आणि मनात एक दशलक्ष वर्षं धरली तर प्रत्यक्षात एका उडीत जवळपास १०० कोटी वर्षं गेली, तेवढ्यात सूर्य चार फेऱ्या मारून येतो. मग डिस्क उडणारच.

२. भुजा तुम्हीच काढल्यात का?

हे फक्त कोड वाचून कळतं. सुरुवातीच्या फाइलमध्ये तारे सर्पिल आकारात मांडलेत का बघा. इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांमध्ये लॉगरिदमिक सर्पिलाचं सूत्र घेऊन त्यावर तारे शिंपडलेले असतात, चित्र सुंदर दिसतं, आणि मग रन चालू केला की भुजा गुंडाळल्या जातात आणि मूल घाबरतं.

यात तुमच्या कोडची चूक नाही, चूक भुजेच्या कल्पनेत आहे. हिशोब करून बघा. सपाट, म्हणजे सगळ्या अंतरांवर सारखाच, २२० किमी प्रति सेकंदाचा वेग धरा. ५ किलोपार्सेकवरचा तारा १४ कोटी वर्षांत फेरी मारतो, १० किलोपार्सेकवरचा २८ कोटी वर्षांत. १०० कोटी वर्षांत आतला सातच्या वर फेऱ्या मारतो आणि बाहेरचा साडेतीन. म्हणजे त्या दोघांना जोडणारी भुजा एवढ्या वेळात साडेतीन वेढे गुंडाळली गेली. दीर्घिकांची वयं १,००० कोटी वर्षांच्या आसपास असतात, तेव्हा पस्तीस वेढे. आकाशात असं कुठेच दिसत नाही, म्हणजे भुजा ही त्याच त्याच ताऱ्यांची बनलेली वस्तू असूच शकत नाही. या कोड्यावर बेर्टिल लिंडब्लाड यांनी आधी काम केलं आणि १९६४ मध्ये लिन आणि शू यांनी घनतेच्या लाटेची मांडणी केली, की भुजा म्हणजे गर्दीचा पट्टा, तारे त्यात शिरतात आणि बाहेर पडतात. हायवेवर काम चालू असलं की तिथे गाड्या साचतात ना, गाड्या बदलत राहतात पण कोंडी तिथेच दिसते, तसं. ती लाट कायम टिकते की भुजा पुन्हापुन्हा नव्याने उठतात यावर आजही वाद आहे, पण दोन्ही बाजूंना हे मान्य आहे की रंगवलेली भुजा टिकत नाही.

म्हणून उपाय असा, की भुजा काढूच नका. गुळगुळीत, गोल, एक्सपोनेन्शियल (बाहेर जाताना ठराविक दराने विरळ होत जाणारी) डिस्क ठेवा आणि बाकी सगळं बरोबर असेल तर भुजा आपल्या आपण उठतात. पहिल्यांदा ते होताना बघितलं ना, की रात्रीची झोप गेलेली वसूल होते, अगदी मनापासून सांगतो.

३. एकच तारा फिरवा

सगळे कण बंद करा, हेलोचं फिक्स पोटेन्शियल (कण न घेता सूत्राने दिलेलं, न बदलणारं गुरुत्वाकर्षण) ठेवा, ८ किलोपार्सेकवर एक तारा २२० किमीने सोडा, अर्थात हेलो असा निवडा की तिथला वर्तुळाकार वेग २२०च येतो. साधारण २२ कोटी वर्षांत तो जिथून निघाला तिथे यायला हवा. दहा फेऱ्या मारू द्या. वर्तुळ वर्तुळच राहिलं तर पुढे जा. बाहेर-बाहेर सरकत गेलं तर तुम्ही ऑयलर पद्धत वापरताय, त्यात प्रत्येक स्टेपला थोडी ऊर्जा फुकट मिळत जाते आणि अख्खी डिस्क हळूहळू पसरते. लीपफ्रॉग वापरा: अर्धा वेग, पूर्ण जागा, पुन्हा अर्धा वेग. दोन ओळींचा फरक आहे, पण लीपफ्रॉगमधली ऊर्जेची चूक साठत जात नाही, थोडी वरखाली होत राहते. चौथ्या ऑर्डरचा रुंगे-कुट्टा जास्त अचूक वाटतो पण लांब रनमध्ये त्याची चूक एकाच दिशेने साठते, त्यामुळे इथे मी तो घेऊ देत नाही.

टाइम स्टेप सगळ्यात आतल्या ताऱ्यावरून ठरवायची, सूर्यावरून नाही. १ किलोपार्सेकवर २०० किमीचा वेग असेल तर फेरी ३.१ कोटी वर्षांची. स्टेप १ कोटी वर्षांची असेल तर एका फेरीत तीन ठिपके, त्याला गोल कसं म्हणणार. फेरीत निदान शंभर स्टेप्स पाहिजेत, म्हणजे तीन लाख वर्षांची स्टेप. मग स्टेप अर्धी करून तोच रन परत करा. निकाल बदलला तर आधीची स्टेप मोठी होती, बस.

एकूण ऊर्जा आणि एकूण कोनीय संवेग यांचा प्लॉट प्रत्येक रनला काढाच. ऊर्जा हजारात एका भागापेक्षा जास्त सरकत असेल तर मी पुढचं काहीच बघत नाही.

४. सॉफ्टनिंग

गोळीसारखे तारे सुटत असतील तर हे. सॉफ्टनिंग म्हणजे ज्या अंतराच्या आत कोड दोन कणांमधलं बल मुद्दाम बोथट करतो ते अंतर. दोन कण फार जवळ आले की बल प्रचंड होतं, खऱ्या दीर्घिकेत तारे एकमेकांना असे जवळजवळ भेटतच नाहीत, पण तुमचा एक कण म्हणजे लाखो सूर्य असतात म्हणून ही खोटी टक्कर होते. सॉफ्टनिंग डिस्कच्या जाडीपेक्षा कमी ठेवा, ३०० पार्सेक जाडी असेल तर ५० ते १०० पार्सेकने सुरू करा. फार मोठं केलं तर डिस्कचं स्वतःचं गुरुत्वाकर्षणच बोथट होतं आणि भुजा उठतच नाहीत, तो पण एक नेहमीचा बिघाड आहे, सगळं शांत, सुंदर आणि मेलेलं.

५. सुरुवातीचे वेग, इथे वेळ घाला

आता खरी मेहनत. बाहेर सरकणारी रिंग, अर्ध्या फेरीत फुटणं, उलटं फिरणं, सगळं इथलं.

आधी उलटं फिरणं, कारण ते एका मिनिटात जातं. तुम्ही कोन काढायला साधं आर्कटॅन वापरलंय. त्याला डावी-उजवी बाजू कळत नाही, त्यामुळे एक्स उणे असलेल्या अर्ध्या ताऱ्यांना उलटा वेग मिळतो. आर्कटॅन-टू वापरा, किंवा कोन काढूच नका, वेगाची दिशा सरळ उणे वाय आणि एक्स भागिले त्रिज्या अशी घ्या.

मग वर्तुळाकार वेग. जवळपास सगळे जण आतलं वस्तुमान घेऊन जी एम भागिले आर याचं वर्गमूळ काढतात. ते गोलासाठी बरोबर आहे, डिस्कसाठी नाही. चपट्या डिस्कमध्ये बाहेरचं वस्तुमान पण ओढतं. एक्सपोनेन्शियल डिस्कचं बरोबर सूत्र फ्रीमन यांनी १९७० मध्ये दिलं, त्यात बेसल फंक्शन्स येतात, आणि वेगाचं शिखर स्केल लांबीच्या (डिस्क किती अंतरात विरळ होते त्याचं माप) २.२ पटीवर येतं, तिथे खरा वेग गोलाच्या हिशोबापेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास जास्त असतो. म्हणजे तुम्ही ताऱ्यांना कमी वेग दिलात, ते सगळे एकदम आत पडतात, एकमेकांना पार करून परत बाहेर येतात, आणि तुम्हाला रिंग दिसते.

बेसल फंक्शनच्या नादी लागायचं नसेल तर माझी पद्धत सांगतो, ती सगळ्यात भरवशाची आहे. रन ज्या कोडने करणार त्याच कोडला सुरुवातीच्या जागांवरून एकदा बल काढायला लावा, त्याच सॉफ्टनिंगसकट. प्रत्येक रिंगमध्ये आतल्या दिशेच्या त्वरणाची सरासरी घ्या, त्रिज्येने गुणा, वर्गमूळ काढा. हाच तुमचा वर्तुळाकार वेग. सूत्र आणि कोड यांच्यात काही तफावत असेल तर ती आपोआप मिटते कारण तुम्ही कोडलाच विचारलंय.

पण सगळ्या ताऱ्यांना बरोबर एवढाच वेग देऊन भागत नाही. खऱ्या ताऱ्यांना इकडेतिकडे थोडा वेग असतो, तो द्यायलाच लागतो, कशासाठी ते पुढच्या तपासणीत. आणि तो दिला की फिरण्याचा सरासरी वेग थोडा कमी करायला लागतो. याला असिमेट्रिक ड्रिफ्ट म्हणतात आणि हे विसरणं ही माझ्या अनुभवात दोन नंबरची चूक आहे. कारण असं, की इकडेतिकडच्या वेगाचा पण गुरुत्वाकर्षणाविरुद्ध आधार मिळतो, गॅसच्या दाबासारखा. फिरण्याने आधीच सगळं तोललेलं असताना हा जादा आधार दिला तर डिस्क बाहेर ढकलली जाते. सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांसाठी ही कपात साधारण अशी बसते: त्रिज्येच्या दिशेच्या वेगप्रसाराचा (इकडेतिकडच्या वेगांचा पसारा, किमी प्रति सेकंदात) वर्ग भागिले ८०. प्रसार ३५ किमी असेल तर फिरणं १५ किमीने कमी. आतल्या भागात प्रसार जास्त म्हणून कपात पण जास्त.

गेल्या वर्षी एका मुलीचा कोड आला होता, दोन महिने ती हेलोचं वस्तुमान बदलत बसली होती, रिंग काही जाईना. ही कपात टाकली आणि त्याच संध्याकाळी रिंग गेली. तिचा मार्गदर्शक तिला सांगत होता की हे भौतिकशास्त्र आहे, रिंग दीर्घिका असतातच. असतात, पण त्या बहुतेक वेळा दुसरी दीर्घिका मधून आरपार गेल्यामुळे बनतात, बसल्या जागी नाही.

उभ्या दिशेचा वेग शून्य ठेवला असेल तर डिस्क आधी कागदासारखी चपटी होते आणि मग फुगते. त्याचा हिशोब सोपा आहे, प्रसाराचा वर्ग म्हणजे पाय (π) गुणिले जी गुणिले पृष्ठघनता (डिस्कच्या दर चौरस क्षेत्रफळातलं वस्तुमान) गुणिले जाडी. चौरस पार्सेकला ५० सूर्य आणि ०.३ किलोपार्सेक जाडी असेल तर साधारण १४ किमी प्रति सेकंद.

६. टूमरे यांचा क्यू

दह्यासारखी फाटणारी डिस्क म्हणजे थंड डिस्क. अलार टूमरे यांनी १९६४ मध्ये दाखवलं की डिस्कमध्ये एक रस्सीखेच असते, गुरुत्वाकर्षण गोळा करायला बघतं आणि वेगप्रसार अधिक फिरणं पसरवायला बघतं. त्रिज्येच्या दिशेचा प्रसार गुणिले कप्पा, भागिले ३.३६ गुणिले जी गुणिले पृष्ठघनता, हा क्यू. कप्पा म्हणजे तारा आपल्या कक्षेभोवती आत-बाहेर झोके घेतो त्याची वारंवारिता, सपाट वेगासाठी कोनीय वेगाच्या १.४१ पट. सूर्याच्या जागी आकडे टाका, कप्पा ४० किमी प्रति सेकंद प्रति किलोपार्सेक, चौरस पार्सेकला ५० सूर्य: क्यू १ ठेवायला १८ किमीचा प्रसार लागतो, दीड ठेवायला २७.

एकच्या खाली गेलात तर गोळे. १.२ ते १.५ मध्ये भुजा छान उठतात. दोनच्या वर डिस्क इतकी गरम की काहीच होत नाही. आणि क्यू एका ठिकाणी काढून थांबू नका, त्रिज्येनुसार प्लॉट काढा, कारण मधल्याच कुठल्यातरी पट्ट्यात तो ०.८ असतो आणि तिथूनच सगळं फाटायला लागतं.

७. बार लगेच होतोय

सुरुवातीच्या काळात सगळ्यांच्याच सिम्युलेशनमध्ये हे होत होतं. होल यांच्या १९७१ च्या रनमध्ये एक लाख कण होते तरी बार झालाच. १९७३ मध्ये ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी तीनेकशे कणांवर दाखवलं की फिरण्याची ऊर्जा भागिले पोटेन्शियल ऊर्जा ०.१४ च्या वर गेली की डिस्कचा बार होतो, आणि वाचायचं असेल तर भोवती जड, न फिरणारा हेलो पाहिजे. त्याच्या तीनच वर्षं आधी रुबिन आणि फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे फिरण्याचे वेग मोजले होते. डार्क मॅटर मान्य व्हायला दोन्हीकडून जोर मिळाला. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे ना, तिथे हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर रेषेवरून दीर्घिकांचे असेच वेग मोजतात, तारे संपतात त्याच्या कितीतरी पुढपर्यंत.

म्हणून डिस्क एकटी सोडली असेल तर हेलो घाला. आधी फिक्स पोटेन्शियल, ते स्वस्त आहे. डिस्क त्यामानाने जड असेल तर दोन मोठ्या भुजा आणि बारची भीती, हलकी असेल तर बऱ्याच बारीक भुजा. पण फिक्स हेलोची एक मर्यादा आहे, तो बारकडून कोनीय संवेग घेऊ शकत नाही. खऱ्या कणांचा हेलो तो घेतो आणि बार अजून वाढतो, हे अथानासौला यांनी २००२ मध्ये स्पष्ट दाखवलं. तेव्हा फिक्स हेलोत बार झाला नाही म्हणून दीर्घिका सुरक्षित, असा निष्कर्ष रिपोर्टात लिहू नका.

८. कण कमी आहेत

हे शेवटी ठेवलंय कारण महाग आहे, आणि मुलं हेच पहिल्यांदा करतात, चुकीच्या वेगांचे दहा हजार कण नीट चालत नाहीत म्हणून चुकीच्या वेगांचे एक लाख कण चालवतात. एक हजार कण असतील तर आपसातल्या धक्क्यांनी १८ वेळा आरपार जाण्याएवढ्या काळातच कक्षा विस्कटतात, एक लाखाला हाच आकडा हजारावर जातो, आणि चपट्या डिस्कमध्ये हे अजून लवकर होतं. सरळ जोड्या मोजल्या तर दहा हजार कणांना पाच कोटी जोड्या दर स्टेपला, त्यामुळे पुढे जायचं तर बार्न्स आणि हट यांची १९८६ ची ट्री पद्धत लागतेच, त्यात लांबच्या कणांचे गट करून एकत्र बल काढतात.

हेलो कणांचा असेल तर त्याच्या एका कणाचं वजन बघा. ५० अब्जांची डिस्क आणि १,००० अब्जांचा हेलो, दोन्हीला एक-एक लाख कण दिले, तर हेलोचा कण वीसपट जड झाला. तो डिस्कमधून दगडासारखा जातो आणि डिस्क फुगते, वर म्हटलेली इडली ती हीच.

कमी कण म्हणजे कायम निरुपयोगी असं नाही, प्रश्न काय यावर आहे. १९४१ मध्ये लुंडमध्ये होल्मबर्ग यांनी एका दीर्घिकेला ३७ असे विजेचे बल्ब मांडून दोन दीर्घिकांची भेट हाताने सोडवली, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही अंतराच्या वर्गाने घटतात म्हणून फोटोसेलने प्रकाश मोजून बल काढलं. भरती-ओहोटीचा प्रश्न होता, त्याला ३७ पुरले. भुजांच्या आयुष्याला पुरत नाहीत.

आता हे सगळं ठीक आहे आणि तरी दहा फेऱ्यांनी भुजा जातायत

मग तुमचा कोड बहुतेक बरोबर आहे. भुजा ताऱ्यांना ढवळतात, वेगप्रसार वाढतो, क्यू वर जातो, भुजा विझतात. सेलवुड आणि कार्लबर्ग यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं, आणि थंड नवे तारे घालत राहिलं तर भुजा टिकतात हेही. खऱ्या दीर्घिकेत ते काम गॅस करतो. पुढे २०११ मध्ये फुजी आणि सहकाऱ्यांनी ३० लाख कण घेतले तर गॅसशिवायही बऱ्याच भुजा १,००० कोटी वर्षांहून जास्त टिकल्या. म्हणजे विझण्यात थोडा भाग निसर्गाचा आणि थोडा कमी कणांचा, आणि कुठला किती ते कण दुप्पट-चौपट करून बघितल्याशिवाय कळत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

कणांचा हेलो हवा असेल तर त्याचे वेग स्वतः काढत बसू नका, त्यासाठी अगामा, गॅलिक अशी तयार साधनं आहेत, तीच वापरा. गॅस, नवे तारे, सुपरनोव्हा घालायचं असेल तर लॅपटॉपवरचा पायथन कोड वाढवायचा नाही, गॅजेट-४ सारखा तयार कोड घ्यायचा आणि तो चालवलेला माणूस शेजारी पाहिजे. पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या डेटात अलकनंदा नावाची दीर्घिका शोधली, विश्व १५० कोटी वर्षांचं असताना दोन ठसठशीत भुजा असलेली, तेव्हापासून तीच मॉडेल करायची म्हणणारी मुलं भेटतात. इच्छा फार चांगली आहे, पण ते एका सेमिस्टरचं काम नाही, दीर्घिकांच्या गतिशास्त्रात पीएचडी केलेल्या माणसाबरोबरच करा. एखाद्या खऱ्या दीर्घिकेच्या बारचा किंवा भुजांचा फिरण्याचा वेग जुळवायचा असेल तरी तेच. आणि ऊर्जा टिकतेय, वेग कोडमधूनच काढलेत, क्यू सगळीकडे सव्वाच्या वर, तरी डिस्क एका बाजूला झुकतेय असं असेल, तर सुरुवातीला वस्तुमानकेंद्र शून्यावर आणून एकदा बघा, नाही गेलं तर अजून एक आठवडा घालवू नका, विचारा.

विचारायला जाताना शेवटचं चित्र नेऊ नका. ऊर्जेचा प्लॉट, वर्तुळाकार वेग आणि सरासरी फिरण्याचा वेग एकाच प्लॉटवर, त्रिज्येनुसार क्यू, पहिल्या फेरीतली वीस चित्रं, आणि स्टेप, सॉफ्टनिंग, कणांची संख्या आणि रँडम सीड एका ओळीत लिहून. एवढं समोर असलं की पाहणाऱ्याला कोड उघडायच्या आधीच अंदाज येतो.